'कर्म' शब्दाच्या एकार्थाचे खंडन

भारतीय दर्शने इतर बाबतींत एकमेकांशी कितीही भांडली, तरी एक चार्वाक वगळता कर्मसिद्धान्ताबाबत त्या सर्वांचे एकमत आहे, हे विधान पाठ्यपुस्तकांतून आणि प्रवचनांतून इतक्या वेळा केले जाते की त्याला प्रमाण मागण्याचे कोणाला सुचत नाही. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार आहे असे नाही. पुनर्जन्म वैदिक, जैन आणि बौद्ध या तिन्ही परंपरांनी मानला आहे आणि केल्या कृतीचे फळ मिळते, हेही तिघांना मान्य आहे. परंतु एवढ्या साम्यावरून 'कर्म' या शब्दाचा अर्थही सर्वत्र एकच आहे असे धरणे, आणि तो अर्थ म्हणजे कपाळी लिहिलेले प्रारब्ध असे ठरवून मोकळे होणे, या दोन्ही गोष्टी ग्रंथांपुढे टिकत नाहीत.

प्रथम ज्या शास्त्रांत या शब्दाला पापपुण्याचा स्पर्शही नाही, ती पाहावीत. पाणिनीच्या व्याकरणात कर्म हे एक कारक, म्हणजे क्रियेशी असलेले नाते आहे. कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक मिळवायचे असते ते कर्म, असे सांगून तो लगेच पुढच्या सूत्रात नको असलेल्या वस्तूलाही तीच संज्ञा लावतो. त्यामुळे टीकाकारांच्या उदाहरणांत गावाला जाता जाता पायाला लागणारे गवत आणि भाताबरोबर पोटात जाणारे विष हीदेखील कर्मेच ठरतात. वैशेषिक दर्शनात कर्म म्हणजे गती, आणि वर फेकणे, खाली टाकणे, आकुंचन, प्रसरण व गमन असे तिचे पाच प्रकार. कणादाच्या सूत्रांत कांडणाऱ्या हाताचा बारकाईने विचार आहे: हात वर जातो तो आत्म्याच्या प्रयत्नामुळे, मुसळ वर जाते ते हाताच्या संयोगामुळे, पण उखळात आपटून ते उसळते तेव्हा त्या गतीचे कारण आघात असतो, हात नव्हे. पापपुण्याची शिल्लक वैशेषिकांनाही मान्य आहे. मात्र तिला ते 'अदृष्ट' म्हणतात आणि आत्म्याच्या गुणांत तिची गणना करतात, म्हणजे ज्याला सामान्य माणूस 'माझे कर्म' म्हणतो ते त्यांच्या मते कर्म या पदार्थात बसतच नाही.

यावर असे म्हटले जाईल की हे पारिभाषिक अर्थ झाले, धर्मविचारात तरी अर्थ एक आहे. तोही नाही. मीमांसकांचे कर्म मुख्यतः वेदविहित यज्ञयाग, ज्याचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद होतात. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग मरणोत्तर मिळतो, ही मधली फट ते 'अपूर्व' नावाच्या शक्तीने भरून काढतात, आणि फळ द्यायला त्यांना ईश्वराची गरज भासत नाही. उत्तरमीमांसेच्या, म्हणजे वेदान्ताच्या, ब्रह्मसूत्रांत मीमांसक जैमिनीचे मत त्याच्या नावानिशी नोंदवून बादरायण ते बाजूला सारतो आणि फळाचा दाता ईश्वर आहे असा निर्णय देतो. फळ कोण देतो, याविषयी दोन्ही मीमांसांचेच जुळत नाही, तेथे सर्व दर्शनांच्या एकमताची गोष्ट दूरच राहिली.

मतभेद सर्वांत तीव्र होतो तो जैन आणि बौद्ध यांच्यात. जैन विचारात कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य आहे. तेल लावलेल्या अंगाला धूळ चिकटावी तसे ते क्रोध, मान, माया, लोभ या कषायांनी ओलावलेल्या जीवाला चिकटते, आणि ज्ञानावरणीय, मोहनीय, अंतराय इत्यादी आठ प्रकारांनी त्याला झाकते, भुलवते किंवा अडवते. उलट बुद्धांनी कर्म म्हणजे चेतना, अर्थात कृतीमागचा संकल्प, अशी व्याख्या केली. हा भेद दोन्ही पक्षांनी पुरता ओळखला होता. मज्झिमनिकायातील उपालिसुत्तात निगंठ, म्हणजे जैन, कायिक कृतीला अधिक दोषी ठरवतात आणि बुद्ध मानसिक कृतीला. सूत्रकृतांग या जैन आगमात आर्द्रक मुनीशी वाद घालणारा बौद्ध असे म्हणतो की पेंडीच्या गोळ्याला माणूस समजून भोसकले तर मनुष्यवधाचे पाप लागते, आणि खऱ्या माणसाला पेंड समजून भोसकले तर लागत नाही. आर्द्रक हे मत धुडकावतो. विरोधकाचे मत येथे उपहासासाठी ताणले असेल, पण घाव नेमका मर्मावर आहे. ज्यांनी एकमेकांना इतके अचूक ओळखून विरोध केला, त्यांना 'शेवटी सगळे एकच सांगतात' या वाक्यात कोंबणे हा त्यांच्या बुद्धीचा अवमान आहे. मनुष्याच्या कृतीचे बळ कोठे असते, विधीत, द्रव्यात की संकल्पात, हा प्रश्न त्यांना समाईक होता, आणि त्यावरचा कित्येक शतकांचा वाद हेच या शब्दाचे वैभव आहे.

कर्माला दैव मानणारे मत त्या काळीही होते, पण ते कर्मवाद्यांचे नव्हते. आजीवकांचा आचार्य मक्खली गोसाल सर्व काही नियतीने ठरलेले आहे असे सांगत असे, आणि म्हणूनच बुद्ध व महावीर या दोघांनी त्याला विरोध केला. उपासकदशांगात सद्दालपुत्त नावाचा आजीवक कुंभार मडकी प्रयत्नाने झाली असे मान्य करत नाही. तेव्हा महावीर त्याला विचारतात की ही मडकी कोणी फोडली तर काय करशील. त्याला शिक्षा करीन, असे कुंभार उत्तरतो आणि तेथेच त्याचा नियतिवाद कोसळतो, कारण सर्व ठरलेलेच असेल तर फोडणारा दोषी कसा?

मराठीत या प्रश्नाची चर्चा दोन मोठ्या ग्रंथांनी केली. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी मीमांसकांचा यज्ञापुरता अर्थ संकुचित ठरवून मनुष्याचा सर्व व्यवहार कर्मात आणला आणि कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. डॉ. आंबेडकरांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ मूळ इंग्रजी असला तरी महाराष्ट्रात घरोघरी मराठीतून वाचला गेला. पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धांच्या विचाराशी विसंगत असून, दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने व समाजाने झटकावी एवढाच तिचा उपयोग आहे, असे त्यांनी त्यात मांडले. पाली ग्रंथांत पूर्वजन्मीच्या कर्माचे उल्लेख विपुल असल्यामुळे परंपरानिष्ठ बौद्ध पंडितांना हे वाचन पूर्णतः मान्य होणार नाही. तथापि त्याच पाली साहित्यात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सांगतात की माणसाचे सुखदुःख पित्तामुळे, कफामुळे, वातामुळे, तिन्हींच्या एकत्र प्रकोपामुळे, ऋतू पालटल्यामुळे, हेळसांडीमुळे आणि बाहेरून झालेल्या आघातामुळेही उद्भवते, आणि कर्मविपाक हे या आठ कारणांपैकी केवळ एक आहे. सगळेच पूर्वकर्माचे फळ म्हणणारे लोक डोळ्यांना दिसणारे सत्य ओलांडून जातात.