हुंडणावळ कोणाच्या माथी?

जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात ‘हुंडणावळ’ हा शब्द नित्याचा होता. एका गावची रक्कम दुसऱ्या गावी हुंडीने पोहोचवायची, तर त्या सेवेचे जे मोल मोजावे लागे ते हुंडणावळ. हुंडी दर्शनी असो वा मुदती, हुंडणावळ किती आणि ती कोणी सोसायची, हे शहाणा व्यापारी आधीच ठरवून घेई. आज हुंडीची जागा संगणकावरील संदेशाने घेतली आहे. हुंडणावळ मात्र गेलेली नाही. ती केवळ दिसेनाशी झाली आहे, आणि ज्यांना ती दिसत नाही त्यांच्याच माथी बहुधा बसते.

अशांमध्ये आज एका नव्या वर्गाची भर पडली आहे. घरी बसून परदेशातील ग्राहकांसाठी भाषांतर करणारे, चित्रे काढणारे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे, हिशेब लिहून देणारे तरुण आता लहान गावांतही दिसतात. त्यांना फ्रीलान्सर म्हणतात. सांगलीसारख्या गावातील एखादी मुलगी बोस्टनच्या प्रकाशकासाठी पुस्तकांची चित्रे काढत असते आणि घरच्यांना ती ‘कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ एवढेच ठाऊक असते. वस्तुतः ती निर्यातदार आहे. तिचा माल पेटीत भरून बंदरावर जात नाही इतकेच. परंतु तिने केलेली सेवा देशाबाहेर जाते आणि परकीय चलन देशात येते. ही एक गोष्ट तिने आणि तिच्या घरच्यांनी ध्यानी घेतली, तर पुढील अनेक अडचणी आपोआप सुटतात.

बोस्टनहून निघालेली रक्कम सांगलीला कशी पोहोचते, हे प्रथम पाहिले पाहिजे. जगातील बँका एकमेकींना ‘स्विफ्ट’ या संस्थेच्या जाळ्यावरून संदेश पाठवतात. ही संस्था 1973 मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झाली आणि 1977 पासून तिचे जाळे कार्यरत झाले. या जाळ्यावरून पैसा जात नाही. ‘अमुक खात्यात इतकी रक्कम द्या’ अशी सूचना तेवढी जाते. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या बँकांची एकमेकींकडे खाती नसतील, तर मध्ये तिसरी, कधी चौथी बँक येते. प्रत्येक मधली बँक आपले शुल्क कापून घेऊ शकते. शेवटी डॉलरचे रुपये करताना बँक बाजारातील दरापेक्षा थोडा कमी दर देते. ही दुसरी हुंडणावळ. ती शुल्क म्हणून कोठेही लिहिलेली नसते.

हिशेब सोपा जावा म्हणून बाजारात एका डॉलरला 85 रुपये धरू. मुलीचे बिल 1,000 डॉलरचे, म्हणजे 85,000 रुपयांचे. वाटेत मधल्या बँकेने 20 डॉलर कापले आणि 980 डॉलर आले. बँकेने दर दिला 83 रुपये 30 पैसे. हाती पडले 81,634 रुपये. एकूण 3,366 रुपये वाटेत राहिले. त्यांपैकी 1,700 रुपये कापलेल्या डॉलरचे, ते निदान दिसतात. परंतु 1,666 रुपये केवळ दरातील फरकाचे आहेत आणि त्यांची कोणतीही पावती नाही. बिल केवळ 100 डॉलरचे असते आणि कपात तीच 20 डॉलरची असती, तर श्रमांचा पाचवा हिस्सा वाटेतच संपला असता. ठरावीक शुल्काचा भार लहान माणसावर असा अधिक पडतो.

ही गळती पाहून कोणीतरी वडीलकीच्या नात्याने सोपी वाट सुचवतो. ‘न्यू जर्सीत काकांचे खाते आहे, तेथे डॉलर भरू दे, इकडे आपण रुपये घेऊ.’ किंवा, ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हणून पाठव, कोणी विचारत नाही.’ या सल्ल्यामागे माया असते, पण त्याचा परिणाम घातक आहे. पहिला प्रकार म्हणजे सरळ हवाला. 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याला तो मान्य नाही. दुसऱ्या प्रकारात कमाईला मदतीचे खोटे नाव दिले जाते. चार वर्षांनी हीच मुलगी घरासाठी कर्ज मागायला जाते, तेव्हा बँक उत्पन्नाचा पुरावा मागते. तिच्या खात्यात रक्कम आहे, पण कागदावर ती कोणाच्या तरी कृपेची आहे. चार वर्षे रात्री जागून केलेले काम तिच्या नावावर कोठेच नोंदलेले नाही. तीन-चार हजार रुपये वाचवण्यासाठी दिलेली ही किंमत फार मोठी आहे.

म्हणून रकमेइतकेच महत्त्व कागदाला आहे. परदेशातून रक्कम आली की भारतातील बँक ती कशासाठी आली याचा संकेतांक, म्हणजे पर्पज कोड, विचारते. सॉफ्टवेअर सल्लासेवेसाठी पी-0802 आहे. अनिवासी भारतीयांकडून कुटुंबनिर्वाहासाठी येणाऱ्या रकमेचा पी-1301 हा अगदी वेगळा आहे. घाईत कोणताही संकेतांक देऊ नये. कामाचे स्वरूप सांगून योग्य तो विचारून घ्यावा. रक्कम जमा झाल्यावर बँकेकडून किंवा पैसे पोहोचवणाऱ्या कंपनीकडून परकीय रक्कम मिळाल्याची सूचना लेखी घ्यावी. बँकेत तिला लोक अजून एफआयआरसी म्हणतात. बिल, करारपत्र आणि ही सूचना ही तीन कागदपत्रे एकत्र जपली, की निर्यात सिद्ध होते.

त्याचा करातही उपयोग आहे. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी लागते. परंतु निर्यात केलेल्या सेवेवर कराचा दर शून्य धरला जातो. त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, सादर करावे लागते, आणि बिलाच्या दिनांकापासून साधारण एका वर्षात परकीय चलन आल्याचे दाखवावे लागते. काकांच्या खात्यात गेलेले डॉलर येथे दाखवता येत नाहीत.

सरळ वाट महागच असते असेही आता राहिलेले नाही. काही कंपन्या अमेरिका, युरोप, ब्रिटन येथे खाती ठेवतात. ग्राहक आपल्याच देशातील खात्यात, तेथील स्वस्त पद्धतीने रक्कम भरतो. कंपनी ती एकत्रित आणून भारतात रुपयांत पोहोचवते. मधल्या बँकांची साखळी त्यामुळे तुटते. अशा कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये ‘पेमेंट ॲग्रिगेटर – क्रॉस बॉर्डर’ या नावाने स्वतंत्र नियम केले आणि त्यांना थेट आपल्या देखरेखीखाली आणले. एका व्यवहाराची मर्यादा 25 लाख रुपये ठेवली आहे. मुक्त व्यवसाय करणाऱ्याला ती पुरेशी आहे. कंपनी निवडताना तिची जाहिरात न पाहता रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत तिचे नाव पाहावे. ‘शुल्क शून्य’ असे कोणी म्हटले, तर त्या दिवसाचा बाजारभाव आणि कंपनी देत असलेला दर शेजारी मांडावेत. हुंडणावळ कोठे लपली आहे ते लगेच दिसते.

फेब्रुवारी 2023 मध्ये भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पे-नाऊ या यंत्रणा जोडल्या गेल्या, आणि भ्रमणध्वनीवरून क्षणात पैसे पाठवण्याची सोय झाली. परंतु ही सोय व्यक्तींनी व्यक्तींना, आप्तांच्या निर्वाहासाठी वा भेट म्हणून पाठवण्याच्या रकमांसाठी आहे. सिंगापूरच्या ग्राहकाकडून कामाचा मोबदला त्या वाटेने मागवणे म्हणजे पुन्हा कमाईला भेटीचे नाव देणे होय.

राहिला प्रश्न हुंडणावळ कोणी सोसायची याचा. स्विफ्टच्या संदेशात त्यासाठी तीन खुणा आहेत. ‘ओयूआर’ म्हणजे खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बीईएन’ म्हणजे घेणाऱ्याचा, आणि ‘एसएचए’ म्हणजे दोघांत वाटलेला. पुष्कळ नवोदितांना या खुणा असतात हेच माहीत नसते. मग ग्राहकाची बँक जे निवडेल ते सोसावे लागते. काम स्वीकारतानाच चार गोष्टी लेखी ठराव्यात: बिल कोणत्या चलनात, रक्कम कोणत्या मार्गाने, खर्च कोणाचा, आणि मुदत किती दिवसांची. नव्या ग्राहकाकडून काही भाग आगाऊ घ्यावा. एकाच ग्राहकाची लहान लहान बिले महिनाअखेरीस एकत्र करावीत, म्हणजे ठरावीक शुल्क एकदाच लागते. असे विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. प्रामाणिक ग्राहकाला अशी स्पष्टता आवडते, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याविषयी वेळीच सावध होता येते.

ही गळती केवळ भारतीयांचे दुखणे नाही. जी-20 राष्ट्रांनी 2020 मध्ये सीमापार रकमा स्वस्त आणि जलद करण्याचा आराखडा स्वीकारला. किरकोळ रकमा पाठवण्याचा सरासरी खर्च 2027 अखेरपर्यंत एक टक्क्याच्या वर असू नये, हे त्यातील एक लक्ष्य आहे. वरील उदाहरणात हाच खर्च सुमारे चार टक्के होता. राष्ट्रांचे करार आपल्या गतीने होतील. घरातील जाणत्यांनी मात्र एक गोष्ट आजच करावी. वर्षानुवर्षे दुकानाचा जमाखर्च ज्यांनी सांभाळला, त्यांनी एका संध्याकाळी मुलीशेजारी बसून तिचे बिल, बँकेची सूचना आणि त्या दिवसाचा दर पडताळावा. तिला संगणक कळतो, त्यांना हिशेब कळतो. तिच्या कमाईचे वेगळे खाते वहीत उघडले, की घरालाही कळेल की आपल्याकडे एक निर्यातदार आहे.