फावल्या वेळाचा हिशेब

फाल्गुन सरत आला की मिरजेत दुपारी अंगावरचे कापडही नकोसे होते. आमच्या अक्काच्या नातीने नेमक्या त्याच दिवसांत पुण्याहून फर्मान पाठवले, 'आजी, मला क्रोशाचा टॉप करून दे. पण हलका हवा हं, तुझ्या टीव्हीवरच्या कव्हरासारखा जाड नको.' सोबत मॉलमधल्या एका टॉपचा फोटो होता. किंमत १,४९९ रुपये. अक्काचे वय चौऱ्याहत्तर. तिने चष्मा पुसून फोटो पाहिला आणि म्हणाली, 'यात काय आहे? एक खांब, एक साखळी.'

मी तिच्याकडे आठ दिवसांसाठी गेलो होतो, तो तीन आठवडे राहिलो. कादंबरीचे एक प्रकरण अडले होते, हे निमित्त. खरे म्हणजे मी तिचे हात बघत बसलो होतो. लहानपणापासून ते हात चालताना पाहिले होते, पण 'पाहिले' म्हणण्यासारखे कधी पाहिले नव्हते.

हलकेपणा सुताइतकाच टाक्यातही असतो, हे मला तेव्हा कळले. मुका खांब घातला तर वीण घट्ट बसते, आसनासारखी. उभा खांब उंच, त्याला दोरा कमी लागतो आणि दोन खांबांमध्ये एक साखळी सोडली की वाऱ्याला वाट होते. अक्काने बारीक, तकतकीत सुती दोरा घेतला आणि सुई मात्र नेहमीपेक्षा जरा जाड, अडीच मिलिमीटरची, म्हणजे फास सैल पडावेत. आधी वीतभर चौकोन विणला, धुतला, सपाट वाळवला आणि मग मोजला. नातीला घाई होती, पण अक्का ऐकेना. 'सूत आपल्याच वजनाने ओघळतं बाई. आज कमरेपर्यंतचा टॉप आषाढात गुडघ्यापर्यंत जाईल.' म्हणूनच असा कपडा दोरीवर टांगायचा नसतो, पसरून वाळवायचा असतो.

एकदा गळ्याशी चार घरे जास्त पडली. लक्षात आले तेव्हा दोन दिवसांचे काम पुढे गेले होते. अक्काने टोक ओढले आणि दोन दिवस दोन मिनिटांत उसवले. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. माझी हलली.

बँकेत चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाची खोड जात नाही. मी रोज कालनिर्णयच्या चौकोनात तिचे तास लिहीत गेलो, उसवलेले धरून. टॉप पुरा झाला तेव्हा बेरीज आली ४६. दोरा सहाशे रुपयांचा. १,४९९ मधून तो वजा केला, दुकानदार, घाऊक व्यापारी आणि मधला दलाल यांना एक पैसाही दिला नाही, सगळी शिल्लक विणणारीच्या पदरात घातली, तरी तासाला वीस रुपये पडत नाहीत. सराईत हात, जाड दोरा धरला, तास निम्मे केले, तरी चाळीस. आणि शिल्लक सगळी तिच्या पदरात पडते, असे मानणारा माणूस कधी बाजारात गेला नसावा.

यावर 'हल्ली ते यंत्रावर होत असेल' असे उत्तर मिळते. मीही तेच म्हणालो असतो. पण मौज अशी की क्रोशाचे काम कारखान्यात करील असे यंत्र बाजारात आलेले नाही. दोन सुयांच्या विणकामात फास ओळीने सुईवर उभे असतात, ते यंत्राला पेलतात. क्रोशात एकच आकडा, प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा करायचा आणि पुढच्यासाठी विणलेल्या कापडात नेमके भोक शोधून शिरायचे. यंत्रावर निघते ती क्रोशासारखी दिसणारी जाळी. तेव्हा दुकानातल्या स्वस्त टॉपवर खरा क्रोशा असेल, तर तो कुणा बाईच्या बोटांतून उतरलेला आहे. कुठल्या तरी घरात, भाकऱ्या झाल्यावर.

ते घर आंध्रातल्या नरसापूरचे असू शकेल. गोदावरीच्या मुखाजवळच्या या गावात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी ही कला आणली. आयर्लंडमध्येही १८४५ नंतरच्या दुष्काळात भुकेल्या घरांना हाच आकडा आधार म्हणून दिला गेला होता. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली या बायांवर पुस्तक लिहिले, त्यातला मुद्दा मानांकनाने पुसला जात नाही. जगाच्या बाजारासाठी माल करणाऱ्या या बाया कामगार समजल्या जातच नव्हत्या. त्या घरी बसणाऱ्या गृहिणी आणि त्यांचे काम म्हणजे फावल्या वेळाचा उद्योग. मजुरी पोट भरण्यापुरतीही नसण्याचे मूळ या एका शब्दात आहे. वेळ फावला ठरला की त्याला दर लागत नाही.

हा शब्द मीही वापरला आहे, आणि सही-शिक्क्यानिशी.

१९८८ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत मी कर्जाचे अर्ज पाहत असे. एक बाई आली. तोरणे, रुमाल, झबली विणून विकायची. दोरा एकदम घेतला तर स्वस्त पडतो, म्हणून तीन हजार रुपये हवे होते. मी विचारले, 'रोज किती तास काम करता?' ती हसली. 'तास कोण मोजतंय साहेब? घरचं आवरून करते.' मी अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिले आणि शेरा मारला : फावल्या वेळातील काम, नियमित उत्पन्न नाही. बचतगटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा प्रयोग १९९२ चा, तो यायला अजून अवकाश होता. पण नियमाची ढाल मला पुढे करता येत नाही. दोन प्रश्न आणखी विचारले असते, तर त्याच अर्जात ते कर्ज बसत होते.

अक्काला हा सगळा हिशेब पटत नाही. 'नातीसाठी केलं त्याचे कसले तास मोजतोस? हात रिकामे असले की मला सुचत नाही.' तिचे खरे आहे. मायेचा भाव कुणी काढू नये. मात्र बाजाराने मायेच्या भावात माल उचलू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि विणणाऱ्या बायांनी आपली किंमत दोऱ्याच्या रिळांवर न सांगता तासांवर सांगावी. गिऱ्हाईक नाक मुरडील, मुरडू दे. मॉलमध्ये छापील किमतीशी हुज्जत न घालणारे आपण, दारातल्या बाईशी मात्र वीस रुपयांवरून घासाघीस करतो.

त्या बाईने नमुना म्हणून आणलेला एक गोल रुमाल माझ्या टेबलावर राहून गेला होता. ती परत आली नाही. मी तो फोनखाली घातला, बदली झाली तेव्हा सामानात आला आणि पुढे घरात कुठे कुठे फिरत राहिला. या खेपेस मिरजेला जाताना तो पिशवीत घातला होता. निघायच्या आदल्या रात्री अक्काला दाखवला. तिने तो दिव्याखाली धरला, बोटाने फेर मोजले, उलटा करून गाठ कुठे दडवली आहे ते पाहिले.

'चांगला हात आहे,' ती म्हणाली. 'बारा तासांचं काम आहे रे हे. किती दिलेस?'