कापायचं की उघडायचं?

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. जालना रोडवर मुकुंदवाडीजवळ एका टेम्पोने आमच्या गाडीला डावीकडून ठोकलं. मागच्या सीटवर आई बसली होती. तिला खरचटलंही नाही, हुश्श! पण मागचं दार आत गेलं आणि त्याच्या मागचा, चाकावरचा पत्राही चेपला. गॅरेजवाले त्याला क्वार्टर पॅनल म्हणतात.

गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या पोराने दोन मिनिटांत निकाल दिला : "सर, दोन्ही बदलून टाकू. झिरो डेप आहे ना? मग तुमच्या खिशातून काय जातंय?"

मी सही करणारच होतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले तसेही याच पंथाचे. जुना कोड कळला नाही की म्हणायचं, फेका आणि नव्याने लिहा! पण घरी जाताना मुकुंदवाडीतल्या एका ओळखीच्या डेंटरमामांकडे थांबलो. त्यांनी पत्र्यावरून नुसता हात फिरवला. म्हणाले, "साहेब, दार बदला, त्यात विचार नको. पण हा मागचा पत्रा कशाला कापता?"

कापता?! मला वाटत होतं, पॅनल बोल्टने काढतात आणि बसवतात.

तर मंडळी, मुद्दा इथेच आहे. दार, बॉनेट, पुढचं फेंडर हे सगळं बोल्टवर असतं. जुनं उघडा, नवं लावा. क्वार्टर पॅनल मात्र बॉडीला वेल्ड केलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे कटरने कापायचं, कारखान्यातले स्पॉट तोडायचे आणि पुन्हा वेल्डिंग. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात, म्हणून आतल्या सांदीकोपऱ्यांतही थर बसतो. वेल्डिंगच्या उष्णतेने नेमका तोच जळतो. मग आतून पुन्हा प्रायमर आणि वॅक्स नीट मारलं नाही, तर गंज आतून खातो, आणि बाहेरचा चकचकीत रंग ते दिसूही देत नाही.

मग ठोकून सरळ करणं नेहमीच चांगलं का? अजिबात नाही. दाराच्या आत एक मजबूत पोलादी बीम असतो. बाजूने धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवायचं काम त्याचं. भारतात साइड इम्पॅक्टची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेल्सना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्याच नव्या कार्सना सक्तीची झाली. तो बीम एकदा वाकला की ठोकून सरळ दिसेल, पण पुन्हा तेवढा भरवशाचा राहणार नाही. त्याच सीटवर उद्या आई बसणार आहे. तिथे काटकसर नको. तसंच पत्रा फाटला असेल किंवा पिलरच वाकला असेल, तर कापावं लागतंच.

"खिशातून काय जातंय" हेही अर्धसत्यच. झिरो डेपने घसारा वाचतो, नो क्लेम बोनस नाही. तीन वर्षं क्लेम न करता जमवलेली ३५ टक्क्यांची सूट एका क्लेमने शून्यावर आली. दारासाठी क्लेम केलाच, म्हणजे माझी तर ती तशीही जाणार होती. म्हणूनच म्हणतो, इथे प्रश्न पैशाचा नाहीच. विमा भरतोय म्हणून धडधाकट बॉडीला कटर लावायचा का, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला सांगितलं : दार नवं, क्वार्टर सरळ करा. पोराने खांदे उडवले. सर्व्हेअरने मात्र लगेच मान डोलावली. आणि गंमत म्हणजे वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये एक पट्टीचा डेंटर होताच. त्याला कुणी विचारलंच नव्हतं! दोन दिवसांत पत्रा जागेवर आला. डिलिव्हरी घेताना मी फ्रीजवरचं लोहचुंबक सोबत नेलं होतं. पुट्टीचा जाड थर असला की ते धरत नाही. इथे टच्च चिकटलं.

असो. तुमची गाडी कधी ठोकली गेली (न ठोकली जावो!), तर सही करण्याआधी एवढंच विचारा : हे उघडणार आहात की कापणार आहात?