रजिस्टरात नसलेला रकाना

निमोनियावरचे नॅफिथ्रोमायसिन हे नवे अँटिबायोटिक २० नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्लीत जाहीर झाले. ते घडवणाऱ्या वोखार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आपल्या शहरातल्या चिकलठाण्याचे, म्हणून इथल्या औषध व्यवसायाला त्याचा अभिमान वाटला. दिवसातून एकदा ८०० मिलिग्रॅम, तेही तीनच दिवस! इतका सुटसुटीत कोर्स रुग्ण अर्ध्यावर सोडणार नाही, ही आशा रास्त आहे.

मात्र औषध नवे असले तरी रुग्ण जुनाच असतो. त्याच्या पोटात बीपीची, शुगरची, पित्ताची गोळी आधीच गेलेली असते. शिवाय नव्या औषधाचे धोके कधी कधी नंतरच कळतात. नॅफिथ्रोमायसिनच्याच केटोलाइड कुळातल्या टेलिथ्रोमायसिनला अमेरिकेत २००४ साली परवानगी मिळाली. २००७ मध्ये त्याचे दोन उपयोग रद्द झाले आणि मायस्थेनिया ग्रेव्हिसच्या रुग्णांना ते देण्यावर बंदी आली.

रोजच्या विक्रीतली औषधेही साधी नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतले तर नीट शोषलेच जात नाही. डॉक्सिसायक्लिनला लोहाची गोळी आडवी येते. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातले सीवायपी३ए४ हे विकर रोखते, त्यामुळे सिमव्हास्टॅटिन रक्तात साचून स्नायूंना इजा होऊ शकते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर लिव्होफ्लॉक्सासिनमुळे धोकादायक खाली जाऊ शकते. टिझॅनिडीन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन एकत्र देणे निषिद्ध आहे. पण हे टिझॅनिडीन कंबरदुखीच्या संयुक्त गोळीत दडलेले असते आणि रुग्ण ती 'दुखण्याची गोळी' म्हणून सांगतो.

घाटी रुग्णालयाची चिठ्ठी, गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि हृदयरोगतज्ज्ञांची फाइल एकाच टेबलावर क्वचितच येतात. आली, तर आपल्या औषध दुकानाच्या काउंटरवर. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१च्या रजिस्टरात आपण डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग लिहितो व ती नोंद तीन वर्षे जपतो. 'चालू औषधे' हा रकाना त्यात नाही. तो आपणच आखून घ्यावा, असे आम्ही सुचवतो. अँटिबायोटिक देताना तीन प्रश्न पुरेत: आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत? ही गोळी कशाबरोबर घेणार? किडनी, हृदय, फिट्स यांचा काही त्रास? २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे आपले कामच ठरवले आहे.

उत्तरात खटकणारे काही आढळले तर गोळी परस्पर बदलण्याचा अधिकार आपला नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन लावणे मात्र आपल्याच हातात आहे.