हिशेब बाहेर दिला, जबाबदारी कोणाची?

बुऱ्हाणपुरात कापड विणणाऱ्याने सगळी कामे स्वतःच्या छपराखाली कधीच केली नाहीत. सूत एकाचे, साइझिंग दुसऱ्याकडे, विणाई आपल्या शेडमध्ये आणि ग्रे कापड तयार झाले की पुढची प्रक्रिया बाहेरगावी. मधे दलाल, हमाल, ट्रान्सपोर्टवाला. आउटसोर्सिंग हा शब्द आपल्या कानावर पडण्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव त्याच पद्धतीने चालत आले आहे. म्हणून आज हिशेब, जीएसटी, ई-वे बिल, पीएफ ही कामे बाहेर दिली जातात यात आम्हाला नवल वाटत नाही. काळजी वाटते ती ही कामे ज्या रीतीने दिली जातात त्याची.

ताप्ती मिल चालू होती तेव्हा तिच्या आवारातच हिशेब खाते, स्टोअर, टाइम ऑफिस, पगाराचा विभाग असे सगळे होते. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एनटीसीच्या इतर गिरण्यांबरोबर तीही थांबली. पण गावातले बरेचसे कापड त्याच्या फार आधीच पॉवरलूमकडे गेले होते, आणि बारा किंवा चोवीस लूमच्या मालकाला असे विभाग परवडत नाहीत. त्याच्याकडे संध्याकाळी मुनीमजी यायचे, बही लिहायचे, वर्षअखेरीला वकीलसाहेबांकडे घेऊन जायचे. (आपल्याकडे कर सल्लागाराला सर्रास ‘वकीलसाहेब’ म्हणतात, मग त्यांनी काळा कोट घातलेला असो वा नसो.) बही दुकानातच राहायची. मुनीमजी बदलले तरी बही जागची हलत नसे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बही पोर्टलवर गेली. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचा तपशील, २० तारखेला कराचे रिटर्न. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही रिटर्नची सोय मिळाली, पण कर दर महिन्याला भरायचाच आहे. त्यात ई-वे बिल, उद्यम नोंदणी. हे सगळे घरी बसून करणे लूम चालवणाऱ्याला शक्य नाही, आणि त्याने ते करावे असे आमचे म्हणणेही नाही. त्याचे डोके सुताच्या भावात आणि कारागिराच्या हजेरीत असले पाहिजे.

अडचण अशी की, काम देताना आपण किल्लीही देऊन टाकतो. नोंदणीच्या वेळी ‘साहेब, तुमचाच मोबाइल नंबर टाका, ओटीपीची कटकट नको’ असे आपणच म्हणतो. ईमेल त्यांचा, पासवर्ड त्यांच्या डायरीत, डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह त्यांच्या ड्रॉवरमध्ये. व्यवसाय आपला, पण सरकारच्या लेखी आपल्याशी बोलण्याचा रस्ता दुसऱ्याच्या टेबलावरून जातो. आता नोटीस पोस्टमनच्या हातून येईलच असे नाही. पोर्टलवर टाकली की कायद्याने ती बजावली गेली. तिचे उत्तर गेले नाही तर आदेश निघतो. आदेशावर अपील करायला तीन महिने मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी एक महिना, त्यापुढे अपील अधिकाऱ्याच्याही हातात काही नसते. आपल्याला मात्र बँकेने खाते गोठवल्यावर कळते. बँकेत असताना आम्ही काउंटरच्या पलीकडून हे पाहिले आहे. खातेदार विचारतो, ‘साहेब, मी तर दर महिन्याला पैसे देत होतो!’ देत होता, हे खरेच असते.

बँकांनाही काम बाहेर द्यावे लागते: एटीएममध्ये रोकड भरणे, चेकबुक छापणे, संगणकाची देखभाल. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये नियम घालून दिले आणि संगणकसेवांसाठी एप्रिल २०२३ मध्ये वेगळे निर्देश काढले. त्यांचा गाभा असा, की बँक काम बाहेर देऊ शकते, जबाबदारी देऊ शकत नाही. कर्ज मंजूर करणे, अंतर्गत तपासणी अशी मूळ कामे तर बाहेर देताच येत नाहीत. ज्याला काम दिले त्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याने अचानक काम सोडले तर काय करायचे हे आधी ठरवायचे, आणि आपली माहिती आपल्याला केव्हाही परत मिळेल अशी तजवीज करायची. हजारो कर्मचारी असलेल्या बँकेला जे शहाणपण सक्तीने शिकवावे लागले, ते बारा लूमच्या मालकाला कोणी सांगितलेच नाही. कायदा मात्र त्यालाही तोच लागू होतो: रिटर्न चुकले तर करदाता तो, वकीलसाहेब नव्हेत.

बाहेरचा माणूस बारकाईने काम करत असला तरी तो विचारतो तेवढेच आपण सांगतो, आणि फॉर्ममध्ये असते तेवढेच तो विचारतो. आपल्या गावाला याचा एक खास फटका बसू शकतो. समजा, कोणी केळीच्या वेफर्सचे छोटे युनिट काढले. उलाढाल दीड कोटींच्या आत, म्हणून सल्लागाराने कंपोझिशन योजना घेऊन दिली. एक टक्का कर, कटकट कमी. सल्ला कागदावर बरोबर आहे. पण माल कुठे जातो, हे त्याने विचारले नाही. तो जातो रावेरला. आपल्याला रावेर म्हणजे शेजारचे गाव. निम्म्या घरांची सोयरीक तिकडची, तासाभराच्या आत पोचतो. कायद्याच्या दृष्टीने ते परराज्य आहे, आणि कंपोझिशनवाल्याला दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही. इतकेच नव्हे, राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी घ्यावीच लागते. चाळीस लाखांची सूट तिथे चालत नाही. मालेगावच्या व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याचे मात्र वेगळे आहे: ती सेवा समजली जाते, उलाढालीत फक्त मजुरी मोजतात, कापडाची किंमत नाही, आणि वीस लाखांपर्यंत नोंदणीची गरज पडत नाही. इंदूरच्या ऑफिसात बसून फॉर्म भरणाऱ्याला बुऱ्हाणपूरची सीमा किती जवळ आहे हे कसे कळणार? ते आपण सांगायचे असते.

दुसरा मुद्दा पैशांचा, आणि याच्याकडे आम्हाला विशेष लक्ष वेधायचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्याच्या सुतावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. कापडावर तो ५ टक्केच होता. म्हणजे त्याआधी स्वतः असे सूत विकत घेऊन कापड विकणारा खरेदीवर जास्त कर भरत होता, विक्रीवर कमी वसूल करत होता, आणि फरक पोर्टलवरच्या क्रेडिटमध्ये साचत होता. या फरकाचा परतावा मागता येतो, कच्च्या मालापुरता. मशिनरीवरच्या कराचा नाही. मुदत त्या कालावधीच्या रिटर्नच्या देय तारखेपासून दोन वर्षे. जून २०२५ चे रिटर्न २० जुलैला देय होते, तर अर्ज जुलै २०२७ पर्यंत करता येईल. त्याआधीच्या महिन्यांची मुदत त्याच क्रमाने एकेक करून संपत जाईल. रिटर्न भरण्याची फी घेणारा परताव्याचा अर्ज करेलच असे नाही, कारण ते काम वेगळे, कागदपत्रे वेगळी, आणि आपण त्याला कधी सांगितलेले नसते. इकडे तोच मालक सूत घ्यायला कॅश क्रेडिटवर व्याज भरत बसतो. ज्यांचे सूत सुतीच आहे त्यांना हा प्रश्न नाही, तिथे दोन्हीकडे ५ टक्केच होते.

रिटर्न उशिरा गेल्याचा दंड रोजचे पन्नास रुपये, व्यवहार शून्य असेल तर वीस. यामुळे बऱ्याच जणांना वाटते की, उशीर झाला तर काय मोठेसे. खरे नुकसान दुसरीकडे होते. आपला विक्रीचा तपशील वेळेत चढला नाही तर खरेदीदाराला त्याचे क्रेडिट मिळत नाही, आणि तो आपले पैसे रोखून धरतो. सलग दोन कालावधींची रिटर्न राहिली की ई-वे बिल बंद होते, म्हणजे गाठी गोदामातच पडून. देय तारखेपासून तीन वर्षे उलटली तर ते रिटर्न पोर्टल घेतच नाही.

उलट बाजूने, उद्यम नोंदणी आपल्या कामाची आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे; नाही दिले तर १ एप्रिल २०२४ पासून खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो. काही व्यापारी त्यामुळे उद्यमवाल्यांकडून माल घ्यायला का-कू करू लागले, हेही खरे. व्यवहार सांभाळूनच हा हक्क वापरावा लागेल. पण बिलावर उद्यम क्रमांक छापलाच नसेल तर हक्क असून नसल्यासारखा.

वकीलसाहेबांवर सगळा दोष टाकणे आम्हाला मान्य नाही. एकोणीस तारखेच्या रात्री पिशवीभर बिले आणून टाकणारे आपणच, फी दोन-दोन वर्षे थकवणारेही आपणच. त्यांनी तरी नोटिसा कुठे शोधत बसायच्या?

काम बाहेर असू द्या, पण पोर्टलवरचा मोबाइल आणि ईमेल आजच आपला करून घ्या. जुना नंबर ज्याच्याकडे आहे तो सहकार्य करत नसेल, तर मालकीचे पुरावे घेऊन आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे गेल्यास तो बदलून मिळतो. सल्लागार नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर असेल, तर पासवर्ड न देता त्याला पोर्टलवरूनच नेमता येते आणि काढताही येते. ई-वे बिलासाठी मर्यादित अधिकाराचा सब-युजर काढून ट्रान्सपोर्टच्या मुलाला देता येतो. बँकेचा पासवर्ड आणि कोरे सही केलेले चेक मात्र कोणालाच नाही, अगदी भाच्यालासुद्धा. आपल्या घरांत बीकॉम झालेल्या मुली-सुना आहेत. महिन्यातून एकदा, २५ तारखेच्या सुमारास, त्यांनी पोर्टल उघडून तीन गोष्टी पाहाव्यात: रिटर्न गेले का, क्रेडिट किती साचले, आणि नोटिसांच्या दोन्ही ठिकाणी काही आले का. दोन्ही म्हणण्याचे कारण, ‘अॅडिशनल नोटिसेस’ हा वेगळा रकाना आहे आणि बरेच आदेश तिथेच जाऊन बसतात.