दूध आणि कांदा एकदम पडले तर घर किती दिवस चालेल?

अहिल्यानगर : मंदी म्हटलं की टीव्हीवर शेअर बाजार दाखवतात. आपल्याकडे मंदी दिसते ती दुधाच्या बिलात आणि कांद्याच्या पट्टीत. जुलै 2023 मध्ये सरकारने गायीच्या दुधाला 34 रुपये दर ठरवून दिला, पण दिवाळीनंतर बऱ्याच संकलन केंद्रांवर 27 च्या आसपासच मिळत होते. पेंडेचा भाव मात्र काही उतरला नाही. त्यातच 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला उघडली. घोडेगाव असो की राहाता, लिलावात भाव कोसळले. एरवी कांदा पडला तर दूध घर सांभाळतं. त्या हिवाळ्यात दोन्ही एकदमच पडले.

अशा वेळी बँकेतली ठेव किती, यापेक्षा आज संध्याकाळी हातात किती पैसे येतील हे महत्त्वाचं. किराणा, लाईट बिल, दवाखाना, पोरांची फी मिळून महिन्याला 15 हजार लागत असतील आणि फायनान्सचा हप्ता 5 हजार असेल, तर तीन महिन्यांचे 60 हजार बाजूला हवेत. एकदम जमणार नाहीत. उसाचं पेमेंट आलं, कांद्याला बरा भाव लागला की त्यातून आधी हे काढायचे, ट्रॅक्टरचं औजार नंतर.

आता हे पैसे ठेवायचे कुठं? इथं आपला जिल्हा चांगलाच पोळलेला आहे. नगर अर्बन बँक 1910 ची, शंभरी ओलांडलेली. तिच्यावर 6 डिसेंबर 2021 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला फक्त 10 हजार काढता येतील असं सांगितलं. 4 ऑक्टोबर 2023 ला परवानाच रद्द झाला. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तो खरा आधार. पण हे 5 लाख एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून असतात. निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम द्यायला कायद्याने 90 दिवसांपर्यंतची मुदत आहे. तोवर सोसायटीचा तगादा आणि दवाखान्याचं बिल थांबत नाही.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायटीला तर हा विमाच नाही, मग पाटी कितीही चकचकीत असो. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लोकांचे पैसे अडकले, त्यात आपल्या जिल्ह्यातलेही आहेत. सगळ्या पतसंस्था बुडव्या नाहीत, गावच्या कितीतरी चांगल्या चालतात. पण दोन टक्के जादा व्याजाचा हिशोब करून बघा : 60 हजारांवर वर्षाला 1200 रुपये, म्हणजे महिन्याला शंभर. एवढ्यासाठी अडचणीचा पैसा तिथं का ठेवायचा? निम्मा राष्ट्रीयीकृत बँकेत, निम्मा पोस्टात ठेवला तर एक दार बंद झालं तरी दुसरं उघडं राहतं. भिशी हौसेसाठी ठीक, पण आपला नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं.

पीककर्जाचंही तसंच. 3 लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत भरलं तर केंद्र आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं. कर्जमाफी होईल म्हणून थकवलं की ही सवलत जाते, नवीन कर्ज अडतं आणि मग माणूस खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो. माफीची बातमी दर निवडणुकीला येते, निकष मात्र नंतर कळतात. अगदीच वेळ आली तर गाय विकण्याआधी सोनेतारणाचा विचार करा. सोनं पुन्हा सोडवता येतं, दुभती गाय गेली की रोजचं बिलच बंद. सोनेतारण बँकेतच करा, पावतीवर वजन, व्याजदर आणि मुदत लिहून घ्या.

आणखी एक, बँकेत गेलाच आहात तर विचारून या : 20 रुपयांचा अपघात विमा आणि 436 रुपयांचा जीवन विमा तुमच्या खात्याला चालू आहे का. वर्षाला मेअखेरीस पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात शिल्लक नसेल तर दोन्ही बंद पडतात. वारसाचं नाव लागलंय का, तेही त्याच वेळी बघून घ्या.