हाताची घडी, तोंडावर बोट

दिवाळीच्या अंकात आजारपण कशाला, असे म्हणून पान उलटण्याआधी एक लाडू तोंडात टाका आणि मला पाच मिनिटे द्या. मला भांडायचे आहे, आणि भांडण गोड तोंडाने ऐकलेले बरे.

मी बालवाडीची बाई. शिक्षण मॅट्रिक, दोनचार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संपादक आठवण ठेवतात. माझ्या वर्गात रोज सकाळी तीस मुले बेडकासारख्या उड्या मारतात, झाडासारखी डोलतात आणि डोलता डोलता अंक शिकतात. हीच मुले पहिलीत गेली, की पहिला धडा मिळतो : हाताची घडी, तोंडावर बोट. माझा वाद आहे तो या घडीशी. ती पुढे साठ वर्षे सुटत नाही.

माझी आई चिपळूणकडची. लग्न होऊन वागळे इस्टेटीत आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्याची ही पहिली वसाहत. इथल्या एका औषधांच्या कारखान्यात आईने बावीस वर्षे उभ्याने बाटल्यांना लेबले लावली. आता त्या जागी काचेची इमारत आहे आणि आत माणसे संगणकापुढे बसून असतात. उभ्याने झिजणारी गेली, बसून झिजणारी आली.

सहा वर्षांपूर्वी आईला कंपवात जडला. हात थरथरतो त्याचे तिला काही वाटत नाही. पण उंबरठ्याशी आली की पाय जमिनीला खिळतात. जायचे असते, पाऊल उचलत नाही. गेल्या वर्षी गौरीच्या रात्री शेजारच्या खोलीत बायकांचा झिम्मा रंगला होता. आई आमच्या दारातच अडकलेली. टाळ्यांचा ठेका वाढला, आणि काय सांगू, तिने उंबरठा ओलांडला! चार पावले टाकली, एकीला टाळीसुद्धा दिली. आणि मी काय केले? दंड धरून तिला खाली बसवले. म्हटले, "आई, लोक बघताहेत."

रोज तीस बेडकांना उड्या मारायला लावणारी बाई ती मीच. पडली असती तर, ही सबब मी पुढे बरेच दिवस सांगत होते. धरून नाचवता आले असते.

डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांना काहीच नवल वाटले नाही. या आजारात मेंदूतल्या डोपामिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, त्यामुळे आपण विचार न करता टाकतो ती पावलेच अडतात. बाहेरून ताल मिळाला, की कित्येकांना पुन्हा चालता येते. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या मंडळींसाठी नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास नृत्यवर्ग सुरू केला. त्या मंडळात रुग्णाला रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत असा वर्ग २००१ पासून आहे. नाचाने कंपवात बरा होत नाही, हे स्पष्ट सांगते. चाल, तोल आणि मन यांना आधार मिळतो, एवढेच. 'नाचा आणि गोळ्या फेका' असे कोणी सांगत आला, तर त्याला दारात उभे करू नका.

पण आमचे सुज्ञ शेजारी! एक म्हणतात, बायकांना घरकाम हाच व्यायाम. हे ते आरामखुर्चीत बसून म्हणतात. अहो, धुणे पिळताना हात हलतो खरा, पण तो हात कोणी धरीत नाही. फुगडीत समोरची धरते. दुसरे म्हणतात, हे परदेशी खूळ. मग मंगळागौर कुठली? भोंडला कुठला? माझी आजी गौरी जागवताना पहाटेपर्यंत फुगड्या घालायची, ती काय ब्रुकलिनला शिकून आली होती? तिला कोणी पैसे मागितले नाहीत. आता तेच हालचालीचे शास्त्र गुळगुळीत जाहिरातीत बसले, की महिन्याची फी कामगारणीच्या पगाराला झेपत नाही, याचाही मला राग आहे.

तिसरे म्हणतात, सत्तरीची बाई नाचायला लागली तर तिला ठाण्याला पाठवायला हवे. तीही सोय नाही. आम्ही ठाण्यातच राहतो आणि १९०१ सालचे ते मनोरुग्णालय आम्हाला जवळच आहे. पण या विनोदी गृहस्थांना ठाऊक नसेल, की मरियन चेस नावाच्या नर्तिकेने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ या मनोरुग्णालयातच रुग्णांबरोबर नाचायला सुरुवात केली. वर्षानुवर्षे गप्प बसलेल्यांसमोर ती त्यांच्याच हालचाली करी, आणि तिथून संवाद सुरू होई. आज नृत्योपचार म्हणून जे शिकवतात, त्याच्या पायात तिचे काम आहे.

माझे मागणे फार लहान आहे. आमच्या भागात एका शाळेला सभागृह आहे. संध्याकाळी सहानंतर त्याला कुलूप असते. आठवड्यातून एक तास ते उघडा. ढोलकी आमची, माणसे आमची. कारखान्यांतून निवृत्त झालेले, गुडघे धरून जिने चढणारे, दिवसभर भिंतीकडे बघत बसणारे असे चौदाजण मी मोजून ठेवले आहेत. त्यांत चार पुरुष आहेत, आणि एकजण तरुणपणी लेझीम खेळत असे. अर्ज दिला. उत्तर आले, सभागृह फक्त शैक्षणिक कार्यासाठी. मागच्याच महिन्यात तिथे साड्यांचा सेल होता.

तोवर मंगळवारी संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या वाटेत पाचजणी जमतो. आईच्या दोन्ही बाजूंना एकेक जण उभी असते. खालच्या मजल्यावरचे आवाजाबद्दल कुरकुरतात, ते रास्त आहे.

सुट्टी संपून शाळा उघडली, की मी पुन्हा अर्ज घेऊन जाणार. या खेपेला आई बरोबर येते म्हणते. त्या कचेरीच्या दाराला चांगला उंच उंबरठा आहे. मी टाळ्या वाजवीन.